शेवटी सगळं जुळतं

भरतेश मगदूमला रक्तसेतूचा आभाराचा निरोप आला तेव्हा तो भडंगाच्या कढईत झारा फिरवत होता. झारा ठेवून त्याने तेलकट बोटं शर्टाला पुसली आणि निरोप मोठ्याने वाचला. 'भरतेश मगदूम, आपण दिलेल्या रक्तामुळे आज एक जीव वाचला. आपले मनःपूर्वक आभार.' मग दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो दाखवून झाला. तेवढ्याने समाधान होईना म्हणून जयसिंगपुराहून थेट मिरजेला थोरल्या बहिणीच्या घरी येऊन त्याने फोन तिच्या नाकासमोर धरला.

"वाच की अक्का. जीव वाचला म्हणतंय. माझ्या रक्तानं!"

पद्मजाने वाचलं नाही. ते वाक्य तिनेच लिहिलेलं होतं. राज्यभरच्या रक्तपेढ्यांना जोडणाऱ्या रक्तसेतूत ती निरोप-सेवा सांभाळायची, आणि त्यात 'मनःपूर्वक' घालावं की नाही यावर तिच्या टीमने अख्खी सकाळ घालवली होती.

"मग आता काय, मिरवणूक काढू तुझी?"

"मिरवणूक नको, जेवायला वाढ. आणि आमटी कालची असंल तर उगंच ताजी करत बसू नको."

तो जेवला, भाच्यांना भडंगाच्या पुड्या दिल्या आणि गेला. पद्मजा जेवता जेवता लॅपटॉपवर कुणाच्या तरी प्रश्नांना उत्तरं देत होती. त्या निरोपात काय भयंकर दडलंय हे त्या घरात फक्त तिलाच कळू शकलं असतं. तिला कळलं नाही. भरतेशचं रक्त कोणालाच द्यायचं नव्हतं; ते त्याच्यासाठीच राखून ठेवलेलं होतं.

भरतेशचा रक्तगट बॉम्बे. पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून हे नाव पडलं. पुढे शहराचं नाव बदललं, गटाचं कोणी बदललं नाही. प्रकार समजायला सोपा आहे. रक्तातली तांबडी पेशी म्हणजे एक भिंत समजा. त्या भिंतीला एच नावाची खुंटी असते. ए गटाच्या माणसाच्या खुंट्यांना टोप्या टांगलेल्या, बी गटाच्या खुंट्यांना पिशव्या, एबीच्या भिंतीवर दोन्ही, आणि ओ गटाच्या खुंट्या रिकाम्या. बॉम्बे गटाच्या भिंतीला मुळात खुंटीच नाही. साधी तपासणी टोपी आणि पिशवी शोधते, दोन्ही सापडत नाहीत, आणि 'ओ' लिहून मोकळी होते. पण ज्या शरीराने जन्मात खुंटी पाहिली नाही त्यात ओ गटाचं रक्त घातलं, तर ते खुंटीलाच शत्रू समजतं आणि आलेली प्रत्येक पेशी फोडून टाकतं. उलट मात्र चालतं. बिनखुंटीच्या पेशी ओ गटाच्या माणसाला दिल्या तर काही बिघडत नाही, कुठली घंटा वाजत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

असा माणूस दहा हजारांत एखादा. मगदुमांच्या घरात तो उगीच आला नाही. वडिलांनी मामाची मुलगी केली होती. सांगली-कोल्हापुराकडे त्यात कोणाला काही वाटत नाही. एकाच आजोबांकडून आलेली तीच उणीव दोघांत लपून बसली होती आणि दोघांनीही ती भरतेशच्या पदरात टाकली. पद्मजा खुंटी घेऊन जन्मली. त्यामुळे सख्ख्या बहिणीचं रक्त सख्ख्या भावाला विष. लहानपणी याची गंमत वाटायची, मोठेपणी धास्ती. म्हणूनच तिने त्याच्या मागे लागून त्याला नियमित रक्त द्यायची सवय लावली होती. नव्या द्रावणात पिशवी वर्षभर टिकते. आपलंच रक्त आपल्यासाठी ठेवायचं, हा साधा हिशेब होता.

ते ठेवायचं कुठे, हा प्रश्न कुंभोजकर सरांनी फार पूर्वी सोडवला होता. रक्तसेतूचा जुना प्रोग्राम त्यांच्या हातचा. त्यात बॉम्बे गटाला जागाच नव्हती आणि ती करायची तर अर्धा प्रोग्राम उसवावा लागला असता. म्हणून सरांनी एक रक्तपेढी कल्पनेतून उभी केली आणि तिचं नाव ठेवलं 'माजघर'. पिशव्या मिरजेच्या फ्रीजमध्येच, खालच्या कप्प्यात. कॉम्प्युटरला मात्र वाटायचं त्या माजघरात आहेत. माजघराला पत्ता नव्हता, कर्मचारी नव्हते, आणि बाहेरची मागणी तिथवर पोहोचत नव्हती. ऑफिसात सगळ्यांना हे ठाऊक होतं. कोणी कुठे लिहून ठेवलं नाही, कारण आपल्या स्वयंपाकघरात मीठ कुठे आहे हे कोणी लिहून ठेवत नाही.

मग वेगळ्या चुली मांडायचं ठरलं.

कारण अगदी खरं होतं. रक्तसेतूने ड्रोन आणले होते. कुठल्या गावात उद्या किती रक्त लागेल याचा अंदाज यंत्र बांधायचं, आणि राज्यातली प्रत्येक पिशवी गरजेच्या दिशेने सतत सरकत राहायची. एकही पिशवी वाया जायची नाही. जुना प्रोग्राम म्हणजे एकत्र कुटुंबाची एकच चूल. एकाने मीठ वाढवलं की सगळ्यांचं जेवण खारट. यंत्राचा वेग त्याला झेपेना. म्हणून त्याचे सात तुकडे केले. दाता-सेवा, गट-सेवा, साठा-सेवा, मागणी-सेवा, वाहतूक-सेवा, निरोप-सेवा, ओळख-सेवा. प्रत्येकीची चूल वेगळी, फडताळ वेगळं. दुसरीच्या फडताळात हात घालायचा नाही. काय हवं ते खिडकीतून विचारायचं आणि खिडकीतून जे मिळेल त्यावर भागवायचं. एकाच माणसाची माहिती सात ठिकाणी, सात प्रतींत. प्रती क्षणभर एकमेकींशी जुळल्या नाहीत तरी बिघडत नाही, थोड्या वेळाने आपोआप जुळतात. प्रशिक्षणाला आलेल्या बाईंनी तर तसे कपच वाटले होते. त्यावर छापलं होतं, 'शेवटी सगळं जुळतं'.

आता एका चुलीला तीन जाणती माणसं पुरत होती. सात चुलींना तेवढी आणायची कुठून? कुंभोजकर सर निवृत्त झाले आणि वर्षभरात वारले. दुसरे होते ते मुलीकडे कॅनडात गेले. उरली पद्मजा, तिला निरोप-सेवा दिली, कारण तिचं मराठी चांगलं होतं. बाकीच्या सहा ठिकाणी नवी पोरं घेतली. हुशार, मेहनती, आणि काम अंगवळणी पडेपडेपर्यंत दुसरी नोकरी धरणारी. आपापल्या चुलीवर काय शिजतंय हे प्रत्येकाला नेमकं सांगता यायचं. घराला माजघर होतं हे सांगणारं मात्र कोणी उरलं नव्हतं, आणि जिला सांगता आलं असतं तिला कोणी विचारलं नाही. तिनेही आपण होऊन सांगितलं नाही. तिला वाटलं, एवढं कोणाला ठाऊक नसेल?

भरतेशला रक्ताची उलटी झाली ती भर दुकानात. पोटात जुना व्रण होता, डॉक्टरांनी तिखट सोडायला सांगितलं होतं, आणि हा भडंगाचा कारखानदार प्रत्येक घाण्याची चव स्वतः घ्यायचा. बायकोने, त्रिशलाने, त्याला मिरजेच्या हॉस्पिटलात आणलं तेव्हा तो पांढराफटक पडला होता. पद्मजा ऑफिसातून तशीच धावत आली.

डॉक्टर साखळकरांना त्याचा गट माहीत होता. "दुर्बिणीतून व्रण बांधलाय, पण अजून पाझरतोय. ऑपरेशन करावं लागेल. अंगात रक्त नाही, तर मी टेबलावर घेऊ शकत नाही. तुमच्याकडे पिशव्या राखून ठेवल्यात ना?"

"आहेत की," पद्मजा म्हणाली. तिच्या आवाजात घबराट नव्हती. याच दिवसासाठी तर सगळं केलं होतं. "दोन आहेत. मिरजेतच आहेत. आत्ता आणते."

हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावरच्या रक्तपेढीत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चादरी धुवायची पावडर ठेवलेली होती.

तिने साठा-सेवेच्या ऋत्विज पेठेला फोन लावला. ऋत्विज तिशीचा, नम्र, तिला मॅडम म्हणणारा. तिने माजघराचं नाव घेतलं.

"हां, ते सेंटर? मॅडम, डेटा स्वच्छ करताना ते सापडलं होतं. पत्ता नाही, फोन नाही, स्टाफ नाही. आम्हाला वाटलं कोणीतरी टेस्टिंगसाठी केलेलं असेल. त्याचा साठा आम्ही मिरजेत मिळवला."

"त्यात बॉम्बे गटाच्या पिशव्या होत्या, ऋत्विज."

"आमच्याकडे तर ओ म्हणूनच आल्या. गट-सेवेला विचारलं, तिनं ओ सांगितलं." मग आवाज उतरला. "थांबा, बघतो कुठं गेल्या." तो बघत असताना पद्मजाला भिंतीवरचं घड्याळ, पावडरीचा डबा, आपल्या पायातली चप्पल सगळं स्पष्ट दिसत होतं. "एक जतला गेली, एक विट्याला. दोन्ही लागल्या. पेशंट बरे होऊन घरी गेलेत."

तेव्हा तिला तो निरोप आठवला. आपले मनःपूर्वक आभार. भरतेशने तो नाकासमोर धरला होता आणि तिने मिरवणूक काढू का विचारलं होतं. तिला स्वतःला थोबाडीत मारावंसं वाटलं, पण तेवढ्यानेही काही होणार नव्हतं.

भरतेशला सगळं सांगावं लागलं, कारण तो विचारतच राहिला.

"म्हणजे माझंच रक्त, आणि मलाच मिळंना?"

"हो."

"जतला कुणाला दिलं?"

"एस.टी.चा कंडक्टर होता कोणी. अपघात झालेला."

"आता बरा हाय?"

"बरा आहे."

"मग जाऊ दे की," भरतेश म्हणाला आणि डोळे मिटून हसला. "तिकिटाला तरी सवलत देईल का बघ." त्रिशला त्याच्या पायाशी बसली होती. ती हसली नाही.

पद्मजाच्या फोनमध्ये जुन्या काळातलं एक नाव होतं. निलोफर बागवान, पुण्यातल्या शाळेत गणित शिकवायच्या, भरतेशच्याच गटाच्या. त्या वर्गातून तशाच उठल्या, केंद्रावर गेल्या आणि रक्त देऊन मोकळ्या झाल्या. एकाच पिशवीवर सुरुवात करतो, असं डॉक्टर म्हणाले होते. त्रिशलाचा भाऊ श्रेणिक पुण्यातच होता. तो गाडी घेऊन केंद्राच्या दारात येऊन उभा राहिला.

"वन्सं, श्रेणिक पिशवी घिऊन निघतोय म्हणतोय. सांगू त्याला निघ म्हणून?"

पद्मजाने हिशेब केला. रस्त्याने चारपाच तास, ड्रोनने तासाभरात. वाटेत घाट, टोलनाके, कुठलाही खोळंबा. शिवाय शीतपेटी ड्रोनचीच चांगली. गेली वीस वर्षं ती जे बांधत होती ते याच तासाभरासाठी होतं.

"नको," ती म्हणाली. "ड्रोननंच येऊ दे."

तिने काही गाफीलपणा केला नाही. ऋत्विजकडून पिशवीवर भरतेशचं नाव चढवून घेतलं. मागणी-सेवेच्या मुलीला स्वतः फोन करून मिरजेची मागणी तातडीची करवली. मागणीत 'बॉम्बे' लिहिता येईना, गट-सेवा तो शब्दच घेईना, म्हणून ओ लिहावं लागलं. पण नाव होतं ना. मग ती भरतेशच्या खाटेशेजारी फोनवर नकाशा उघडून बसली. निळा ठिपका पुण्याहून निघाला. खंबाटकी ओलांडली, सातारा मागे पडला. तिने त्रिशलालाही दाखवला. दोघी त्या ठिपक्याकडे, पाळण्यातलं मूल बघावं तशा बघत होत्या.

कराडजवळ ठिपका वळला.

आधी तिला वाटलं वाऱ्यामुळे असेल. मग तो खाली उतरू लागला. ती बाहेर पळाली आणि वाहतूक-सेवेला फोन लावला. तिथला मुलगा नवा होता. त्याने शांतपणे सगळं सांगितलं, आणि त्यातलं काहीच चूक नव्हतं. कराडजवळ बस उलटली होती, तिथे ओ गट संपला होता. मिरजेची मागणी ओ गटाची. मिरजेच्या फ्रीजमध्ये ओच्या पिशव्यांची चळत. म्हणजे मिरजेची गरज यंत्राच्या लेखी भागलेली होती. भागलेल्या गरजेकडे निघालेली पिशवी त्याने न भागलेल्या गरजेकडे वळवली.

"त्या पिशवीवर माणसाचं नाव आहे!"

"नाव साठा-सेवेकडं असतं मॅडम. आमच्याकडं फक्त गट आणि ठिकाण येतं." मग तो अजिजीने म्हणाला, "मला ते दिसतच नाही हो."

तिने कराडच्या हॉस्पिटलला फोन केला. तिथल्या सिस्टर आनंदात होत्या. "पिशवी ना? लावली की लगेच. देवासारखी आली बघा. चौदा वर्षांची पोरगी हाय, आता बोलाय लागलीय."

पद्मजा काय बोलणार होती? ती पिशवी काढून घ्या म्हणणार होती? तिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्या मुलीला ओ गटाची दुसरी कुठलीही पिशवी चालली असती, आणि तशी चळत इथे या मजल्याखालीच होती.

बागवानबाईंना आता काही महिने रक्त देता येणार नव्हतं. दुसरं नाव तिच्याकडे नव्हतं. नावं होती, दाता-सेवेच्या फडताळात, जुन्या प्रोग्राममधून जशीच्या तशी उचललेल्या एका कोपऱ्यात. कुंभोजकर सरांनी तिथे प्रत्येक बिनखुंटीच्या दात्यापुढे फुली मारून ठेवली होती. ती फुली कशाची हे नव्या मुलांना माहीत नव्हतं आणि खिडकीतून कोणी ती मागितली नव्हती. पद्मजाला माहीत होतं, पण तिला ते फडताळ उघडायचा अधिकार नव्हता. तिने ऋत्विजला सांगितलं. ऋत्विजने सगळ्या सेवांच्या प्रमुखांना एकत्र बोलावलं. खरंच बोलावलं, त्याच्या मनात काही खोट नव्हती. दाता-सेवेने फुली द्यायची, गट-सेवेने नवा गट मानायचा, मागणी-सेवेने तो घ्यायचा. एकीने बदल केला की दुसरीची तपासणी, मग तिसरीची. निरोप-सेवेला काहीच करायचं नव्हतं. दात्यांना जाणाऱ्या तातडीच्या हाकेचं वाक्य पद्मजाने पूर्वीच लिहून ठेवलं होतं.

ती आत येऊन बसली. भरतेशचे ओठ कोरडे पडले होते. सलाइनची नळी होती, ऑक्सिजन होता, बाकी अंगात वाहायला काही नव्हतं. तिने त्याचा हात धरला. तिच्या स्वतःच्या मनगटाची नस ठसठशीत वर आलेली होती आणि ती तिला बघवेना.

"अक्का," तो म्हणाला, "आली का गं?"

"येतीय. वाटेत आहे."

"कुठवर आली?"

ती त्याच्याशी जन्मात खोटं बोलली नव्हती. "अंकलीच्या पुलावर आली आता."

"म्हंजे आलीच," तो म्हणाला.

नंतर तो बोलला नाही. डॉक्टर साखळकर दोनदा आले, तिसऱ्यांदा आले तेव्हा बरोबर सिस्टर होत्या आणि त्यांनी पडदा ओढला. दुपार कलली होती. बाहेर पोर्चमध्ये चहावाल्याची किटली वाजत होती.

त्रिशला ओरडली नाही, रागावलीही नाही, सांगावं तसं म्हणाली, "श्रेणिक तवाच निघाला असता, तर मघाशीच हितं पोचला असता."

"हो," पद्मजा म्हणाली. तिने नणंद म्हणून त्रिशलाला जवळ घ्यायला हात पुढे केला आणि त्रिशला बाजूला सरकली.

त्याच्या वस्तू सिस्टरनी एका पिशवीत घालून दिल्या. पाकीट, घड्याळ, दुकानाच्या किल्ल्या, फोन. फोनच्या काचेवर तेलाचा डाग होता. पद्मजा तो ओढणीने पुसत असताना तिचा स्वतःचा फोन वाजला. ऋत्विज होता, आणि त्याच्या आवाजात धाप होती.

"मॅडम, झालं! सगळ्या सेवांनी घेतलं. बॉम्बे गट आता सगळीकडे दिसतोय, फुली लागू झाली. राज्यातल्या प्रत्येक बॉम्बे दात्याला हाक गेली, आत्ता, या मिनिटाला. सगळं जुळलं मॅडम! हॅलो? ऐकू येतंय ना?"

तिच्या दुसऱ्या हातातला फोन थरथरला.

'भरतेश मगदूम, आपल्या दुर्मीळ गटाच्या रक्ताची मिरज येथे एका रुग्णाला तातडीने गरज आहे. आपण जवळच आहात. आपण येऊ शकाल का?' खाली दोन चौकोन होते, 'हो' आणि 'नाही'. 'आपण जवळच आहात' हे वाक्य तिने हट्टाने घालून घेतलं होतं. त्याने माणूस लवकर उठतो असा तिचा अनुभव होता.

उत्तर दिलं नाही तर हाक दर थोड्या वेळाने पुन्हा जाते, तेही तिनेच ठरवलं होतं. फोन त्रिशलाच्या हाती द्यायचा होता. पद्मजाने 'नाही' दाबलं. फोनने कारण विचारलं आणि पुढे पर्याय मांडले. प्रवासात आहे. आजारी आहे. नुकतंच रक्त दिलं आहे.

ती काही वेळ ते तीन पर्याय वाचत राहिली. मग तिने शेवटच्यावर बोट ठेवलं.

'आपले मनःपूर्वक आभार,' फोन म्हणाला.